रिकाम्या घरांतला जांभळा रंग

ज्या बारा घरांत एकही पेशी नव्हती, तीसुद्धा जांभळी झाली होती. जुलैतला मंगळवार, दुपारचे पावणेतीन. बाहेर धो धो पाऊस, आणि आत मी खिडकीच्या उजेडात प्लेट तिरकी धरून ती घरं पुन्हा पुन्हा मोजत होते. मोजण्यासारखं काही नव्हतं. बाराच होती.

आम्ही औषधं तपासतो त्या प्लेटवर ९६ घरं असतात, आठ ओळी आणि दर ओळीत बारा. एकेक घर हरभऱ्याच्या दाण्याएवढं. त्यांच्या तळाशी व्हेरो पेशी वाढवायच्या. या पेशींचा वंश १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून सुरू झाला आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे. पेशींवर विषाणू सोडायचा, सोबत औषध द्यायचं, तीन दिवस थांबायचं आणि मग एमटीटी नावाचं पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी पिवळ्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. घर जितकं गडद, तितक्या पेशी वाचल्या, तितकं औषध चांगलं. पाच महिने आमची घरं गडद येत होती.

पेशीच नसतील, तर जांभळं केलं कुणी? आमच्या औषधानं, म्हणजे जांभळाच्या झाडाच्या सालीच्या अर्कानं, थेट. त्या सालीतली टॅनिनं नावाची तुरट द्रव्यं आणि त्यांच्या जातीची इतर द्रव्यं एमटीटीला स्वतःच जांभळं करतात, त्यांना पेशीची गरज लागत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. एमएस्सीला शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

पण ती ओळ भरली ती मी नव्हे. माझ्या हाताखाली प्रकल्प करणाऱ्या मुलीनं भरली. शेवटची ओळ रिकामी राहिली होती, अर्काचं द्रावणही उरलं होतं, तेव्हा तिनं पेशी न पेरलेल्या त्या घरांत अर्क घातला आणि वर एमटीटी. न विचारता केलं म्हणून आधी मी तिला रागावले. ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, नुसता अर्क काय करतो ते बघायचं होतं." हा प्रश्न मला फेब्रुवारीत पडायला हवा होता. नुसतं माध्यम, म्हणजे पेशी वाढवायचं पोषक द्रव, भरलेली रिकामी घरं मी दर प्लेटवर ठेवत होते. अर्क भरलेली रिकामी घरं ठेवत नव्हते, कारण तेवढ्या जागेत औषधाच्या आणखी दोन मात्रा बसायच्या आणि प्लेटा, माध्यम, सीरम (रक्तातला प्रथिनांनी भरलेला द्रव) सगळं आम्हाला पुरवून पुरवून वापरावं लागतं. रंग घालण्याआधी अर्क धुऊनही काढत नव्हते. विषाणूनं ग्रासलेल्या पेशी तळाला इतक्या हलक्या धरून असतात की धुताना जिवंत पेशीही वाहून जातात. प्रत्येक निर्णयाला कारण होतं, आणि प्रत्येक कारण वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

त्याच वेळी त्याच अर्काची दुसरी प्लेट इनक्युबेटरमध्ये तयार होती, रंग न घातलेली. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. धडधाकट व्हेरो पेशी म्हणजे चांगल्या गवंड्यानं बसवलेली फरशी, सांध्याला सांधा लागलेला. मला दिसला तो भिजवलेला साबुदाणा. गोल झालेल्या, चमकणाऱ्या, एकमेकींपासून सुटून तरंगणाऱ्या पेशी, आणि मध्ये उघडा पडलेला प्लॅस्टिकचा तळ. याच मात्रेला आमच्या तक्त्यात ९० टक्क्यांच्या वर संरक्षण लिहिलेलं होतं. घरामागून घर सरकवत गेले. सगळीकडे साबुदाणा. अर्काच्या तपकिरी रंगानं माध्यम गढूळ दिसतं, बारकावे कळत नाहीत, म्हणून रंग घालण्याआधी प्लेट डोळ्यानं पाहायची सवय आमची मार्चपासूनच सुटली होती. यंत्र आकडा देत होतं, तो पुरेसा वाटत होता.

आम्ही काम करतो तो विषाणू कॉक्सॅकी ए-१६. लहान मुलांना तोंडात फोड येतात, तळहातांवर, तळपायांवर, ढुंगणावर पुरळ उठतं, त्या आजारामागच्या प्रमुख विषाणूंपैकी एक. इंग्रजीत त्याला हात-पाय-तोंडाचा आजार म्हणतात. आपल्याकडे त्याला धड नावच नाही. पावसाळा सुरू झाला की बालवाड्यांत पसरतो आणि आमच्या दूधदुभत्याच्या जिल्ह्यात घाबरलेले आईबाप पहिला प्रश्न विचारतात, "म्हशीचा लाळ्या-खुरकूत पोराला लागला का?" नाही. दोन्ही विषाणू एका मोठ्या कुळातले, पण वेगळे, आणि जनावराचा रोग मुलांना होतो तो हा नव्हे. दुसरी भीती महिन्याभरानं येते. ए-६ नावाच्या भावंडानं आजार झाला असेल, तर बऱ्या झालेल्या मुलाची नखं सुटून पडू लागतात. ती पुन्हा येतात, पण हे आधी सांगणारे डॉक्टर थोडे.

औषध नाही. ताप उतरवायचा, पाणी पाजत राहायचं, आठ-दहा दिवसांत मूल आपोआप बरं होतं. तरी या आजारावर असायक्लोव्हिर लिहिलेल्या चिठ्ठ्या मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि पाहिल्या की संताप येतो. असायक्लोव्हिरला कामाला लावतं ते नागिणीच्या कुळातल्या विषाणूंचं स्वतःचं विकर. आमच्या विषाणूकडे ते विकरच नाही. त्या औषधाला इथे करण्यासारखं काही नसतं. पण मूल आठवड्यानं बरं होतं, आईबाप हात जोडतात आणि पुढच्या मुलाला तीच चिठ्ठी मिळते.

मग आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारावर औषध कशाला, असं माझ्या सख्ख्या काकांनी विचारलं होतं. कारण याच कुळातला ईव्ही-ए-७१. तो बहुतेक मुलांना तसाच सोडतो, पण थोड्यांच्या मेंदूच्या बुडाशी शिरतो, आणि मग हृदय आणि फुप्फुसं काही तासांत कोलमडू शकतात. तैवानमध्ये १९९८ च्या साथीत ७८ मुलं गेली. चीनमध्ये २००८ ते २०१२ या काळात या आजाराचे ७२ लाख रुग्ण नोंदले गेले आणि २,४५७ दगावले. चीननं ए-७१ वर लस काढली, ती २०१६ पासून तिथे दिली जाते, पण ए-१६ आणि ए-६ ला ती अडवत नाही. या सगळ्या भावंडांना पुरून उरेल असं एखादं औषध मिळावं, म्हणून आम्ही सोप्या भावंडापासून सुरुवात केली होती.

जांभळाची साल माझ्याकडे आली ती आक्काकडून. माझ्या आईची चुलत बहीण, गगनबावड्याच्या बाजूची. सगळा गाव तिला आक्का म्हणतो, मीही म्हणते. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला हा आजार झाला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. तीन दिवस त्यानं थुंकीसुद्धा गिळली नाही. चौथ्या दिवशी आक्का एसटीनं आली, पिशवीत साल. ती उकळून काढा गार केला, कापूस बुडवला आणि पोराच्या तोंडातून फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आमटी-भात मागितला. वहिनी रडली. मी पिशवीत उरलेली साल उचलली आणि प्रयोगशाळेत नेली.

पुढचे महिने सांगत बसत नाही. साल सावलीत वाळवणं, दळणं, मिथेनॉलमध्ये भिजवणं, गाळणं, आटवणं, पुन्हा वेगवेगळ्या द्रावकांत विभागणं. तिसऱ्या भागात जोर आहे असं दिसलं. त्याला आम्ही 'तीन नंबर' म्हणू लागलो. तीन नंबर आला की सगळ्यांचे चेहरे खुलायचे.

त्या मंगळवारी चार वाजता कार्यालयातला फोन वाजला. आदल्या रविवारी एका वर्तमानपत्रात आमच्याबद्दल बातमी आली होती. आमचे सर एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात बोलले होते, ते 'प्राथमिक निष्कर्ष' म्हणाले होते. छापून आलं 'औषध सापडले'. फोन इचलकरंजीहून एका बापाचा होता. मागे मागाचा खटखट आवाज येत होता, तो ओरडून बोलत होता.

"म्याडम, ती जांभळीची साल किती उकळायची तेवढं सांगा."

मी मुलाचं वय विचारलं. दहा महिने. ताप किती दिवस? चौथा दिवस, उतरतच नाही. हातापायांवर पुरळ आहे का? आहे. मग तो म्हणाला, "आणि झोपंत दचकतंय सारखं. भ्याल्यागत."

माझ्या समोर टेबलावर ती प्लेट होती. झोपेत सारखं दचकणं, न उतरणारा ताप, उलट्या, तोल जाणं, ही ए-७१ ची धोक्याची खूण आहे. हे मी डॉक्टर नसतानाही सांगू शकते, कारण विषाणूबद्दल वाचायला सुरुवात केली की पहिल्या पानांत हेच येतं. मी त्याला सांगितलं, साल उकळू नका, रिक्षा करा आणि मुलांच्या मोठ्या दवाखान्यात आत्ताच्या आत्ता जा. गेल्या गेल्या 'झोपेत दचकतो' हे शब्द आधी सांगा, पुरळाचं नंतर. तो म्हणाला, "पण पेपरात तर आलंय." मी म्हणाले, "पेपरात चुकीचं आलंय." मंगळवारी दुपारी चार वाजता हे वाक्य मी उच्चारू शकले. दोन वाजता तोच फोन आला असता, तर मी काय बोलले असते? दवाखान्यात जा असं नक्कीच म्हटलं असतं. पण 'साल लावू नका' असं म्हटलं असतं का, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

गुरुवारी त्याचा पुन्हा फोन आला. बाळाला दोन दिवस ठेवून घेतलं, ताप उतरला, घरी सोडलं. विषाणू कोणता होता ते कुणी तपासलं नव्हतं. "तुमचे उपकार," तो म्हणाला. मी काहीच केलं नव्हतं. मनात एकच येत राहिलं. त्यानं साल उकळून लावली असती, तरी कदाचित गुरुवारी बाळ बरं झालंच असतं. मग गल्लीतल्या प्रत्येक घरात साल उकळली गेली असती, आणि पुढच्या दचकणाऱ्या बाळाला रिक्षा मिळाली नसती.

सरांना संध्याकाळीच सांगितलं. ते बराच वेळ प्लेटकडे बघत राहिले. पुढच्या आठवड्यात निधी देणाऱ्या समितीपुढे सादरीकरण होतं. मला वाटलं होतं, 'आधी सादरीकरण होऊ दे' असं म्हणतील. ते म्हणाले, "प्लाक अॅसे लाव. आणि स्लाइड काढून टाक." एवढंच. त्यांच्याविषयी माझ्या इतर तक्रारी आहेत, पण त्या संध्याकाळसाठी मी त्यांना मानते. बातमीचा खुलासा त्यांनी लेखी पाठवला. तो छापून आलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

प्लाक अॅसे ही जुनी, हातानं करायची, वेळखाऊ पद्धत. बारा मोठ्या घरांची प्लेट, पेशींचा थर, त्यावर मोजून विषाणू, वर घट्ट खळीसारखा थर. त्या खळीमुळे विषाणू दूर पसरत नाही, जिथे पडला तिथेच आजूबाजूच्या पेशी मारतो. तीन दिवसांनी जांभळ्या शाईनं तळ रंगवला की मेलेल्या जागा पांढरे ठिपके म्हणून दिसतात. ठिपके बोटानं मोजायचे. इथे टॅनिनला लबाडी करायला जागा नाही.

ते तीन दिवस नेमके पुराचे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं, ४३ ला धोका. २०१९ चा महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे दोन आकडे कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. नदीकडच्या भागात राहणारी आमची दोन मुलं सामान वरच्या मजल्यावर चढवायला घरी गेली. मी आणि ती प्रकल्पवाली मुलगी प्रयोगशाळेत राहिलो. वीज गेली तर इनक्युबेटरचे ३७ अंश सांभाळायचे आणि उणे ८० च्या फ्रीझरचं दार कुणीही उघडायचं नाही, यासाठी. जनरेटरचं डिझेल दोनदा मोजलं. वीज गेली नाही. पाणी ४३ च्या खालीच थांबलं.

शुक्रवारी सकाळी ठिपके मोजले. औषध न दिलेल्या घरांत ४१, ४४, ३९. पेशीत विषाणू शिरल्यानंतर दोन तासांनी तीन नंबर दिलेल्या घरांत ४०, ४३, ४१. तिनं मोजले, मी मोजले, वह्या अदलाबदल करून पुन्हा मोजले. काहीही फरक नाही. विषाणू आणि अर्क आधी नळीत एकत्र ठेवून मग पेशींवर घातला, तिथे मात्र ६, ९, ७. एक क्षण तिचे डोळे चमकले. मी तिला तोच प्रयोग माध्यमात सीरम वाढवून करायला सांगितला. पुढच्या आठवड्यात उत्तर आलं, ३८, ४२, ३७. टॅनिन प्रथिनाला चिकटतं. विषाणूचं कवच प्रथिनाचं असतं, त्यालाही चिकटतं. पण रक्तात त्याच्याभोवती प्रथिनांचा समुद्र असतो, तिथे त्याला विषाणू सापडणार नाही. नळीत विषाणू झाकणं म्हणजे मुलाच्या अंगात औषध होणं नव्हे.

छापून आलेले लेख आता मी वेगळ्या नजरेनं वाचते. अर्क वनस्पतीचा, चाचणी एमटीटीची, आणि पेशी नसलेल्या घरांचा कुठे उल्लेखच नाही. असे लेख मी संदर्भ म्हणून वापरले आहेत. निधीच्या अहवालात सक्रिय संयुगं किती सापडली असा रकाना असतो. किती बाद केली असा रकाना मी कुठल्याच अहवालात पाहिलेला नाही, आणि आमचं त्या वर्षातलं सगळ्यात खात्रीचं काम तेच होतं.

मोठ्या औषध कंपन्यांचंही सोपं नाही. प्लेकोनॅरिल नावाचं खरं औषध होऊन गेलं. विषाणूच्या कवचात एक बारीक खोबण असते, तीत पाचरीसारखं बसून ते कवच उघडू देत नाही. सर्दीसाठी म्हणून आणलं, २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नाकारलं. सर्दी एक दिवस लवकर बरी करायला एवढा धोका कोण पत्करणार? मग ते या कुळाच्या विषाणूंनी अत्यवस्थ झालेल्या नवजात बाळांवर तपासलं गेलं. अशी ६१ बाळं जमवायला वर्षानुवर्षं लागली. औषध दिलेल्या ४३ पैकी १० गेली, न दिलेल्या १८ पैकी ८. हे आकडे मी कितीदा वाचले असतील. ती १८ बाळं म्हणजे त्या चाचणीतली औषध न घातलेली घरं. त्यांच्याशिवाय ४३ मधल्या ३३ वाचलेल्या बाळांबद्दल कुणालाच काही म्हणता आलं नसतं. आणि ती घरं ठेवायला कुणाच्या तरी आईनं सही केली होती. मी मात्र बारा घरांची प्लॅस्टिकची जागा वाचवत होते.

ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तशी आक्काकडे गेले. न सांगता राहवत नव्हतं. ओसरीवर बसून तिला सगळं सांगितलं, जमेल तितक्या साध्या शब्दांत. सालीनं विषाणू मरत नाही. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"किडा मरतोय का न्हाई ते तू बघ," ती म्हणाली. "पोरगं जेवतंय का न्हाई ते मी बघतो."

यात ती पूर्ण चुकीची नाही. तुरट द्रव्य फोडांवर पातळ थर धरतं, झोंबणं कमी होतं, मूल घास गिळतं. भाच्याचं कदाचित तेच झालं असेल. किंवा चौथा-पाचवा दिवस होता, तो तसाही जेवलाच असता. मी तिला म्हणाले, आक्का, मला मोज सांग. किती पोरांना लावलीस, आजाराच्या कितव्या दिवशी लावलीस, कधी जेवली. मी वही काढली. ती आठवून आठवून सांगू लागली. पाटलाची नात, दोन दिवसांत. सुताराचा धाकटा, दुसऱ्या दिवशी. पुलापलीकडची जुळी, एकीला एक दिवस, एकीला तीन. कितव्या दिवशी लावली हे तिला सांगता येत नव्हतं. "आजारी हुती तवा," एवढंच म्हणायची. चौदा नावं झाली. सगळी जेवलेली.

"न जेवलेलं कुणी?" मी विचारलं.

तिचा हात सुपात थांबला. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा विचारणार होते.

"येक हुता," ती म्हणाली. "लई वरसं झाली. साल लावली, पर तोंड उघडंना. रातभर झोपंत दचकायचा. सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला न्यायचं ठरलं हुतं."

मी वहीत पंधरा आकडा घातला आणि वय विचारलं.

"नुकता चालाय लागला हुता," आक्का म्हणाली, आणि पुन्हा तांदळातले खडे शोधू लागली.